पेशंटची गोष्ट: ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) थिसिससाठी आणि रोजच्या ओपीडीसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ओ.टीएच. (ओटीतली मास्टर्स) करणाऱ्या एका विद्यार्थिनीला स्ट्रोकच्या पेशंटवर नॅरेटिव्ह पद्धतीने, म्हणजे पेशंटनी सांगितलेल्या गोष्टींवरून, डेझर्टेशन करायचंय, सहा-आठ जणांच्या मुलाखती घ्यायचा विचार आहे, पण गाइड म्हणतात हे फार सब्जेक्टिव्ह आहे, एवढ्या लोकांवरून सिद्ध काय होणार. शिवाय ती विचारते की ओपीडीत एका पेशंटला जेमतेम वीस मिनिटं मिळतात, त्यात गोष्टी ऐकत बसलो तर हाताचं काम कधी करून घ्यायचं. आणि शेवटचं, नक्की विचारायचं तरी काय?

मी न्यूरो रिहॅबमध्ये बरीच वर्षं आहे, आधी सरकारी हॉस्पिटलात आणि आता जास्त करून होम व्हिजिट्स, आणि मधूनमधून क्वालिटेटिव्ह, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यावर आधारलेला, थिसिस करणाऱ्या मुलांना मदत करते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहिते. उत्तर लांब होणार आहे, सवडीने वाचा.

मला वाटतं तुमच्या प्रश्नात दोन कामं एकमेकांत मिसळलीयत. पेशंटची गोष्ट रिसर्चचा डेटा म्हणून गोळा करणं हे एक काम, आणि तीच गोष्ट थेरपी ठरवायला वापरणं हे दुसरं. दोन्हींच्या मागचा विचार एकच आहे, पण वेळ वेगळा लागतो, संमती वेगळी लागते, आणि शेवटी हातात येतं तेही वेगळं असतं. आणि गाइडबरोबर जो वाद चाललाय तो वरवर सॅम्पल साइझचा वाटतो पण खरी अडचण ही दिसतेय की पद्धत आधी ठरली आणि प्रश्न अजून ठरलेला नाही. फ्यूगल-मेयरच्या (हाताची हालचाल मोजणाऱ्या स्केलच्या) ६६ मार्कांत किंवा बार्थेलच्या (रोजची कामं स्वतः करता येतात का हे मोजणाऱ्या स्केलच्या) १०० मार्कांत जे येत नाही असं मला काय शोधायचंय, हे एका वाक्यात सांगता आलं की अर्धा वाद तिथेच मिटतो. ते सांगता येत नसेल तर गाइडचं म्हणणं बरोबर आहे असं समजा.

उदाहरण देते. 'मिरर थेरपीने (आरशात चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत केलेल्या व्यायामाने) हाताचं फंक्शन सुधारतं का' हा प्रश्न असेल तर नॅरेटिव्हच्या वाटेला जाऊच नका, दोन ग्रुप घ्या, आधी-नंतर मोजा, काम झालं. 'किती पेशंट कामावर परत गेले' हाही मोजण्याचाच प्रश्न. पण 'हात बराचसा परत आलेला माणूससुद्धा कामावर का जात नाही, आणि तो निर्णय त्याच्या मनात वर्षभरात कसा तयार होत गेला' हा प्रश्न आकड्यांनी सुटत नाही, कारण त्यात काळ आहे, माणसं आहेत, आधीचं आयुष्य आहे, आणि एका घटनेमुळे दुसरी कशी आली हे त्या माणसाने स्वतः लावलेलं आहे. ते लावणं म्हणजेच नॅरेटिव्ह. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये विचाराच्या दोन रीती मांडल्या, एक कारण-नियम-पुरावा शोधणारी आणि दुसरी माणसाचे हेतू आणि घटना गोष्टीत गुंफणारी, आणि त्याचं म्हणणं होतं की एकीचं रूपांतर दुसरीत करता येत नाही. गाइडला हे सांगा. त्यांच्या रीतीला कमी लेखू नका, फक्त तुमचा प्रश्न दुसऱ्या रीतीचा आहे एवढं दाखवून द्या.

आता ओटीशी याचा संबंध कुठून आला, कारण सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या आराखड्यात, हे लागतंच. अमेरिकेत १९८६ च्या सुमाराला ओटींच्या क्लिनिकल रीझनिंगचा, म्हणजे पेशंटबद्दल त्या कसा विचार करतात याचा, एक मोठा अभ्यास बोस्टनच्या एका हॉस्पिटलात सुरू झाला, त्यात शेरिल मॅटिंगली ही मानववंशशास्त्रज्ञ होती आणि तिच्याबरोबर मॉरीन फ्लेमिंग ही ओटी. त्यांनी थेरपिस्टना काम करताना पाहिलं, व्हिडिओ केले, त्यांच्याशी बोलल्या. मॅटिंगलीच्या लक्षात आलं की थेरपिस्ट दोन भाषांत बोलतात. केस प्रेझेंटेशनला उभ्या राहिल्या की फाइलची भाषा, रेंज, टोन, ग्रिप, आणि आपसात बोलायला लागल्या की त्याच पेशंटची गोष्ट, म्हणजे तो कसा आला, कशावर अडला, बायकोने काय केलं, आता पुढे काय होईल असं वाटतंय. १९९१ मध्ये तिने मांडलं की ही दुसरी भाषा म्हणजे गप्पा नाहीत, थेरपिस्ट खरा विचार त्यातच करत असतात. फ्लेमिंगने त्याच वेळी तीन रुळांवर चालणाऱ्या विचाराचं वर्णन केलं: आजार आणि उपचार यांचा, समोरच्या माणसाशी असलेल्या नात्याचा, आणि या माणसाचं आयुष्य पुढे कसं असू शकतं याचा. तिसऱ्या रुळाला गोष्ट लागतेच, कारण अजून न घडलेलं आयुष्य दुसऱ्या कुठल्या रूपात डोळ्यापुढे आणणार?

याच मॅटिंगलीची दुसरी कल्पना आहे जी मला रोजच्या कामात सगळ्यात उपयोगी वाटते. तिचं म्हणणं असं की चांगलं सेशन हे स्वतःच एक छोटी गोष्ट असतं. थेरपिस्ट आणि पेशंट मिळून आजच्या क्षुल्लक वाटणाऱ्या कृतीला एका मोठ्या कथानकात जागा देतात, आणि ती जागा मिळाली की पेशंट त्या कृतीत जीव ओततो, नाही मिळाली तर तोच पेशंट पेगबोर्डसमोर (भोकांत खुंट्या बसवायच्या पाटीसमोर) जांभया देतो. हे तुम्ही इंटर्नशिपमध्ये पाहिलंच असेल, फक्त त्याला नाव दिलं नसेल.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मुंबईतल्या एका कोळीवाड्यातल्या मावशी, साठीच्या आसपास, मासळी बाजारात आयुष्य गेलेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक, त्यामुळे उजवा हात अधू. रिकव्हरी चांगली होती, ग्रिप वाढत होती, स्वतःची आंघोळ, केस विंचरणं, जेवण सगळं करत होत्या, बार्थेल जवळजवळ पूर्ण. घरच्यांच्या मते त्या बऱ्या झाल्या होत्या, फाइलच्या मतेही. आणि त्या दिवसभर घरात भिंतीला टेकून बसायच्या. काय करावंसं वाटतं असं विचारलं तर 'काय नाय, बरं हाय', प्रत्येक वेळी हेच. सीओपीएम (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर) भरायला घ्यावा तर भरायला काही मिळेना, कारण त्यात पेशंटनेच अडचणी सांगायच्या असतात आणि त्यांच्या मते अडचण नव्हतीच.

मग मी त्यांना फक्त बाजाराचा एक दिवस सांगायला सांगितलं, स्ट्रोकच्या आधीचा कुठलाही, पहाटेपासून. आणि त्या सुटल्याच. धक्क्यावरून माल उचलायचा, टेम्पोत कोण कोण असायचं, बर्फ किती, ओट्यावर कोणाशेजारी कोण, भवानी कोणाच्या हातची चांगली, कुठलं गिऱ्हाईक भाव न करता घेतं आणि कुठलं अर्धा तास घासाघीस करून दोनच वाटे नेतं. बोलता बोलता म्हणाल्या की आता ओट्यावर सून बसते. आणि थांबल्या. मग हळू आवाजात, की ती चांगली आहे पण तिला माणसं ओळखता येत नाहीत, आणि मी गेले तर कोयता चालवता येणार नाही, मग सगळ्या बाजारासमोर मी नुसती बसणार का.

सगळा पेच तिथे होता. त्यांच्या मनात बाजारात बसणं म्हणजे कोयता चालवणं, विळीसारख्या त्या पात्यावर दोन्ही हातांनी मासा ओढून तुकडे करणं, आणि ते जमणार नसेल तर जायचंच नाही. भीती खोटीही नव्हती, उजव्या हाताची संवेदना कमी होती, बर्फात हात गार पडला की आणखी कमी, तसल्या हाताने पात्याशी खेळणं मला स्वतःलाही मान्य झालं नसतं. पण त्यांनीच सांगितलेल्या दिवसात कोयत्याचा भाग किती होता? वाटे लावणं, पैसे घेणं, सुटे देणं, हाक मारणं, भाव तोडणं, उधारी लक्षात ठेवणं, हे सगळं त्याच दिवसात होतं आणि यातलं बहुतेक त्यांना आजही जमत होतं. मी त्यांना काही समजावलं नाही. त्यांचाच दिवस त्यांना परत सांगितला, एकेक काम सुटं करून, आणि विचारलं की यातलं सुनेला कुठलं येत नाही. त्यांनी लगेच बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली.

त्यानंतर थेरपी पार बदलली. कोन आणि पेग बंद. लाकडी पाटावर लहान पिशव्यांचे वाटे लावायचे, उजवीकडे हात लांबवून, खाली बसून आणि मग उभं राहून, आधी कोरड्या पिशव्या मग ओल्या. नाणी आणि नोटा एका हातात धरून दुसऱ्या हाताने सुटे काढायचे. गार पाण्यात हात घालण्याआधी आणि नंतर डोळ्यांनी तपासायचं, ही सवय मुद्दाम लावली. मग बाजारात आधी तासभर, गर्दी कमी असताना, सून कोयत्यावर आणि मावशी पैशांवर. हाताचा स्कोअर या काळात फार हलला नाही. पण त्या बाजारात होत्या. स्केल वाईट होती असं मी म्हणत नाही, तिने हात मोजला आणि हात बरोबरच मोजला. कुठली अ‍ॅक्टिव्हिटी निवडायची हे मात्र मला त्या एका दिवसाच्या गोष्टीने सांगितलं, आणि ओटीत निवड चुकली की पुढचं सगळं चुकतं, मग तुमचं हँडलिंग कितीही सुरेख असो.

आता वीस मिनिटांचं. पहिली गोष्ट, वेगळा वेळ काढून गोष्ट ऐकायची असते हा समज सोडून द्या. हात कामात असताना माणसं जास्त बोलतात. पीठ मळताना, भाजी निवडताना, टॉवेलच्या घड्या घालताना पेशंटची नजर तुमच्याकडे नसते, कोणी मुलाखत घेतंय असं वाटत नाही, आणि वाक्यं आपोआप येतात. एका सेशनला एकच प्रश्न पुरतो. मी बहुतेक वेळा एका दिवसाबद्दल विचारते, कारण 'तुमच्या आयुष्याबद्दल सांगा' म्हटलं की माणसं एकतर गप्प होतात किंवा जन्मापासून सुरू करतात. 'शेवटचं कधी असं वाटलं की आज माझ्या मनासारखं काम झालं?' हाही प्रश्न चांगला चालतो. 'का' या शब्दाने प्रश्न सुरू करू नका, आपल्याकडे डॉक्टरच्या तोंडचा 'का' हा दम दिल्यासारखा ऐकू येतो आणि पेशंट लगेच सफाई द्यायला लागतो, गोळ्या घेतल्या मॅडम, व्यायाम केला मॅडम. 'मग काय झालं' हे कधीही बरं.

दुसरी गोष्ट नातेवाइकांची. आपल्या ओपीडीत पेशंट एकटा क्वचितच येतो, आणि आईला विचारलेल्या प्रश्नाला मुलगा उत्तर देतो, तेही प्रेमाने. त्याला गप्प करू नका, त्याचं म्हणणं वेगळं ऐकून घ्या, पण नोंदीत ते मुलाचं म्हणणं म्हणूनच लिहा. मुलाच्या गोष्टीत आई 'बिचारी, आता आराम करू दे' असते आणि आईच्या गोष्टीत ती स्वयंपाकघरातून हाकललेली असते. या दोन गोष्टींमधलं अंतर हाच पुष्कळदा थेरपीचा विषय असतो. मी सुनेला किंवा मुलाला केसपेपर काढायला किंवा गोळ्या आणायला पाठवते, तेवढ्या दहा मिनिटांत जे ऐकायला मिळतं ते आधीच्या तीन सेशनमध्ये मिळालेलं नसतं.

ज्यांना थोडी चौकट हवी असते त्यांना मी ओफी-टू सुचवते, म्हणजे ऑक्युपेशनल परफॉर्मन्स हिस्टरी इंटरव्ह्यूची दुसरी आवृत्ती, किएलहॉफनरच्या मोहो (मॉडेल ऑफ ह्यूमन ऑक्युपेशन) या मॉडेलवर उभी असलेली. त्यात अर्धरचित मुलाखत आहे, रोजचं वेळापत्रक, भूमिका, आयुष्यातले वळणाचे प्रसंग, निवडी, राहण्या-काम करण्याच्या जागा असे विषय आहेत, आणि नंतर ऑक्युपेशनल आयडेंटिटी (कामांतून आलेली ओळख), कॉम्पिटन्स (ती निभावण्याची क्षमता) आणि सेटिंग्ज (भोवतालच्या जागा-माणसं) अशा तीन स्केल्सवर चार पॉइंटचं रेटिंग. त्याबरोबर आयुष्याची रेघ काढायची असते, गोष्ट वर चाललीय, खाली चाललीय की सपाट आहे. ही रेघ मी पेशंटलाच काढायला देते, डाव्या हाताने निघाली तरी चालेल. एका निवृत्त गिरणी कामगाराने स्ट्रोकच्या जागी रेघ थोडीशीच खाली आणली होती आणि खूप आधी, १९८२ च्या संपाच्या जागी, कागद संपेपर्यंत खाली नेली होती. त्यानंतर मी त्यांच्याशी 'स्ट्रोकमुळे झालेलं नुकसान' या सुरात बोलणं बंद केलं, कारण त्यांच्या हिशेबात ते आयुष्यातलं सगळ्यात मोठं नुकसान नव्हतंच, आणि एकदा सगळं गेल्यावर परत उभं कसं राहायचं हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत होतं. पूर्ण ओफी-टूला तासभर लागू शकतो, ओपीडीत एका बैठकीत होत नाही, दोन-तीन भेटींत पसरवा. गाइडना आकडे हवे असतील तर ही रेटिंग्ज तुमच्या कामालाही येतील.

फाइलमध्ये काय लिहायचं हेही विचारतात. माझ्या तीन ओळी असतात: आधी काय होतं, आता कुठे अडलंय, पेशंटला पुढे काय दिसतंय. तिसरी ओळ पेशंटच्या शब्दांत. दर काही भेटींनी ती बदललीय का बघते. ती बदलली की थेरपीचं ध्येय बदलायची वेळ आली.

हे सगळ्यांना लागू होतं का, तर नाही. परिस्थितीवर बरंच आहे. स्ट्रोकनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक जण 'मी पहिल्यासारखा होणार' हीच गोष्ट सांगतो. आर्थर फ्रँक या समाजशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये आजाराच्या गोष्टींचे तीन प्रकार सांगितले: बरा होऊन पूर्ववत होण्याची, काहीच धड न जुळणारी गोंधळाची, आणि आजारातून काही नवं शोधण्याची. विद्यार्थी हे वाचतात आणि पेशंटला पहिल्या प्रकारातून तिसऱ्यात ढकलायला बघतात. कृपा करून असं करू नका. पूर्ववत होण्याची आशा त्या वेळी माणसाला रोज उठवून थेरपीला आणते. आणि गोंधळात असलेल्या माणसाची वाक्यं तुटक असतात, 'मग हे झालं, मग ते झालं', त्याला शेवट नसतो, ऐकणं फार जड जातं. आपण सांत्वनाचा शेवट जोडायला धावतो. तिथे फक्त ऐका. मरण्याच्या गोष्टी आल्या, खाणं-झोप तुटली, तर ते नॅरेटिव्हचं काम उरत नाही, त्याच दिवशी सायकियाट्रीला रेफर करा, आपण काउन्सेलर नाही.

अफेजियाचे (स्ट्रोकमुळे बोलणं किंवा भाषा गेलेले) पेशंट रिसर्चमधून सरळ वगळले जातात, कारण 'मुलाखत देता येत नाही'. मला याचं वाईट वाटतं. स्पीच थेरपिस्टला बरोबर घ्या, घरातल्या वस्तू, जुने फोटो, कॅलेंडर, हो-नाहीच्या खुणा वापरा, आणि माणूस एखादी वस्तू हातात कशी धरतो, कुठली बाजूला सारतो हे लिहून घ्या. वेळ लागतो हे खरं, आणि डेझर्टेशनच्या मुदतीत ते बसेलच असं नाही, पण वगळणार असाल तर का वगळलं हे प्रामाणिकपणे लिहा. बायकोने सांगितलेली गोष्ट ही त्याची गोष्ट म्हणून मात्र छापू नका.

आता डेझर्टेशन. इथे सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे सिनॉप्सिसमध्ये 'नॅरेटिव्ह' लिहायचं आणि प्रत्यक्षात मुलाखतींचे तुकडे करून थीम्स, म्हणजे सगळ्यांत सारखे येणारे विषय, काढायच्या. थीमॅटिक अ‍ॅनालिसिस चांगलीच पद्धत आहे, पण मग तिला त्याच नावाने हाक मारा. नॅरेटिव्ह पद्धतीवर लिहिणाऱ्या डोनाल्ड पोल्किंगहॉर्नने १९९५ मध्ये हा फरक नीट मांडलाय: एका प्रकारात अनेकांच्या गोष्टी गोळा करून त्यातलं समान काय ते काढायचं, दुसऱ्या प्रकारात विखुरलेल्या घटना, नोंदी, आठवणी घेऊन एका माणसाची संपूर्ण गोष्ट बांधायची, जिच्यातून शेवट असा का झाला हे कळतं. दोन्ही नॅरेटिव्हमध्ये बसतात, पण तुम्ही कुठला करताय हे पहिल्या पानावर ठरवा.

फरक समजावा म्हणून एक उतारा घेऊ, हा मी समजावण्यासाठी रचलाय, कोणा पेशंटचा नाही. स्ट्रोक झालेला रिक्षावाला सांगतोय: 'सकाळी रिक्षा काढली. पहिलं भाडं स्टेशनचं मारलं. परत येताना हात जड वाटला, म्हटलं झोप झाली नसेल. मग काय, लोकांनी आणलं मला इथे. आता पोरगा चालवतो रिक्षा. देवाची मर्जी. दुपारचा चहा मात्र मीच नेतो त्याला स्टँडवर.'

कोडिंग केलंत, म्हणजे तुकड्यांना विषयाची लेबलं लावलीत, तर तीन कोड पडतील, भूमिका गमावणं, कुटुंबाचा आधार, श्रद्धा. चुकीचे नाहीत, पण हे कोड शंभर पेशंटना लागतील. आता तोच उतारा न तोडता वाचा. सुरुवातीला सगळी कामं तो करतोय, काढली, मारलं, म्हटलं. मध्ये तो कर्ता राहत नाही, लोक आणतात, पोरगा चालवतो, देव ठरवतो. आणि शेवटच्या वाक्यात तो परत कर्ता होतो, चहा नेणारा. तो 'मात्र' तिथे उगाच आलेला नाही, आपल्या गोष्टीचा अर्थ त्याने तिथे ठेवलाय. कुठे नेतो चहा? स्टँडवर. म्हणजे रिक्षा सुटली पण स्टँड सुटलेला नाही, तिथली माणसं, तिथली ओळख टिकवायचा मार्ग त्याने स्वतः शोधलाय, आणि तोही चालत जाऊन, हातात काही तरी धरून. इथे ओटीला केवढं काम आहे बघा: रस्ता, हातातल्या किटलीचं वजन, चालताना सांडणं, तिथे किती वेळ बसतो, तिथे आणखी काय करू शकेल. हे थीमच्या तक्त्यात हरवलं असतं.

असं वाचायला लेबोव्ह आणि वॉलेट्स्की यांनी १९६७ मध्ये दिलेली रचना सोपी पडते, गोष्टीत पार्श्वभूमी कुठली, गुंता कुठे, सांगणाऱ्याचं मत कुठे डोकावतं, सुटका कशी, शेवट कुठे. कॅथरीन रिसमनने पुढे आशयाबरोबरच रचना आणि ही गोष्ट कोणासमोर, कशासाठी सांगितली जातेय हे बघायला शिकवलं. हा शेवटचा मुद्दा तुम्हाला विशेष लागणार, कारण तुम्ही थेरपिस्ट आहात आणि पेशंट तुमच्याकडे उपचार घेतोय. तो तुम्हाला खूश करणारी गोष्ट सांगणार. शक्य असेल तर स्वतःच्या चालू पेशंटच्या मुलाखती घेऊ नका, दुसऱ्या युनिटचे घ्या, किंवा उपचार संपल्यावर घ्या, आणि नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही हे फॉर्मवर लिहून थांबू नका, तोंडाने सांगा, घरच्यांसमोर सांगा.

भाषेचं एक कळकळीने सांगते. मुलाखत मराठीत झाली असेल तर अ‍ॅनालिसिस मराठीत करा. विद्यार्थी रेकॉर्डिंग ऐकता ऐकता सरळ इंग्रजीत टाइप करतात, वेळ वाचतो म्हणून, आणि वरचा 'मात्र' तिथेच गळून पडतो. पेशंट मालवणीत, वऱ्हाडीत, कोळी बोलीत बोलला तर तसंच लिहा, तोंडात प्रमाण मराठी घालू नका. थांबलेली जागा, हसणं, अर्धं सोडलेलं वाक्य, तेही लिहा. थिसिस इंग्रजीत द्यायचाय ना, मग वापरलेल्या उताऱ्यांचंच भाषांतर करा आणि मूळ मराठी परिशिष्टात जोडा, म्हणजे परीक्षकाला पडताळता येईल. आपल्याकडे ओटीचं पहिलं कॉलेज १९५० मध्ये केईएममध्ये कमलाबाई निंबकरांनी सुरू केलं, तेव्हापासून आपल्या डिपार्टमेंटमध्ये या राज्याच्या प्रत्येक बोलीत पेशंट बोलत आलेत, आणि त्यांचं बोलणं त्यांच्या शब्दांत किती थोडं नोंदलं गेलंय याची मला खरंच खंत वाटते.

सॅम्पलबद्दल. सहा-आठ जणांची एकेक मुलाखत घेण्यापेक्षा चार जणांच्या तीन-तीन घ्या, मध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवून, एक तरी घरी किंवा कामाच्या जागी. गोष्ट काळात बदलते आणि ते बदलणंच तुम्हाला पकडायचंय, एका बैठकीत ते दिसत नाही. दुसऱ्या भेटीला पहिल्या भेटीतलं एखादं वाक्य वाचून दाखवा आणि आज काय वाटतं विचारा. 'सिद्ध काय होणार' याचं उत्तर असं की सगळ्या स्ट्रोक पेशंटबद्दल काही सिद्ध होणार नाही आणि तुम्ही तसा दावाही करू नका. तुम्ही एक प्रक्रिया इतकी नीट दाखवणार की दुसऱ्या गावातली ओटी ती वाचून आपल्या पेशंटला लागू पडते का हे स्वतः ठरवेल. लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये विश्वासार्हतेचे जे चार निकष दिले त्यात हा एक आहे, बाकीच्यांसाठी तुमची डायरी, निर्णयांची नोंद, दुसऱ्या कोणाकडून दोन ट्रान्सक्रिप्ट (मुलाखतींचं शब्दशः लेखन) वाचून घेणं हे सुरुवातीपासून ठेवा, शेवटी जोडता येत नाही. कोरेक नावाची ३२ मुद्द्यांची चेकलिस्ट आहे, २००७ ची, मुलाखतींवरच्या अभ्यासासाठी, ती सिनॉप्सिसच्या वेळीच भरून गाइडना दाखवा. ज्यांना शिस्त दिसत नाही म्हणून भीती वाटते त्यांना ती यादी बघून बराच धीर येतो. आणि कॉलेजमध्ये आकड्यांशिवाय काही पास होतच नसेल तर सीओपीएम बरोबर घ्या, त्यात काम आणि समाधान दोन्ही १ ते १० वर मोजतात आणि दोन पॉइंटचा फरक महत्त्वाचा धरतात. मग तुमची गोष्ट सांगेल की तो दोन पॉइंटचा फरक कुठून आला, किंवा का आला नाही.

एथिक्सचं थोडक्यात. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून घ्या, कमिटी तेच विचारते. पण नॅरेटिव्हमध्ये एक जास्तीची जबाबदारी आहे. नाव बदलून माणूस लपत नाही. अमुक बाजारातली, अमुक वर्षी नवरा समुद्रात गेलेली, तिसरी सून ओट्यावर बसणारी अशी बाई एकच असते आणि तिच्या गल्लीत तुमचा थिसिस कोणीतरी वाचू शकतं, निदान ऑनलाइन आल्यावर तरी. म्हणून अर्थ न बिघडवता तपशील बदला, आणि लिहून झालेली गोष्ट पेशंटला वाचून दाखवा, मराठीत, घरच्यांच्या गैरहजेरीत. काही जण म्हणतील हे काढा. काढा. काही जण एखादी जागा ऐकून रडतील, त्यासाठी वेळ ठेवून जा, घाईत उरकायची ती भेट नाही.

विचारायचं काय हे राहिलं. तुमच्या विषयासाठी मी अशी सुरुवात करीन: आजाराआधीचा कामाचा एक दिवस सांगा. मग, आजारानंतर पहिल्यांदा तुम्ही स्वतः काहीतरी केलंत तो प्रसंग. मग, करून बघितलं आणि सोडून दिलं असं काही. मग, आता घरात किंवा बाहेर कुठलं काम तुमच्याशिवाय होत नाही. आणि शेवटी, पुढच्या दिवाळीपर्यंत तुमचा दिवस कसा असेल असं डोळ्यासमोर येतं. पाचच प्रश्न, बाकी सगळं 'मग काय झालं'. हे प्रश्न आधी एका ओळखीच्या माणसावर, आजारी नसला तरी चालेल, करून बघा आणि रेकॉर्डिंग स्वतः ऐका. तुम्ही त्याला किती वेळा मध्येच तोडता ते मोजा. तो आकडा खाली आला की मग खऱ्या मुलाखती सुरू करा, आणि पहिली ट्रान्सक्रिप्ट तयार झाली की कोडिंगला बसायच्या आधी गाइडना ती पूर्ण, न तोडता वाचायला द्या.